आमच्या विहिरीवरचा लोखंडी रहाट

रहाटाचे भाग घेऊन पाचोरा स्टेशनवरून बैलगाडी दारात आली तेव्हा मी चुलीपुढे बसले होते. तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर धावले. भाकरीचा कोळसा झाला, पण त्या दिवशी कोणी मला त्याबद्दल एक शब्दही बोललं नाही. घरातली सगळीच माणसं अंगणात होती.

सगळी म्हणजे आम्ही चौघं. सासरे, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं. आमचे हे. यांची थोरली बहीण अक्का, जी लवकर विधवा होऊन माहेरी परत आली होती आणि घर तिच्याच हातात होतं. आणि मी, यावलकडून या भडगावाजवळच्या गावात सून म्हणून आलेली. माहेरी केळीच्या बागा, इकडे गिरणाकाठची काळी जमीन, मिरची आणि गहू. बोलीसुद्धा वेगळी. यांची थोडी शाळा झालेली होती, ते माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. आबा आणि अक्का मात्र खानदेशीच बोलायचे. त्यांचं बोलणं माझ्या कानात जसं आहे तसंच इथे लिहिते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. मला आबांना काही सांगायचं असलं तर मी ते अक्काच्या कानात सांगायची आणि अक्का मोठ्याने म्हणायची, "आबा, वयनी म्हनस..." आबा अक्काकडे बघत उत्तर द्यायचे, जणू मी अंगणात नाहीच.

आमच्या विहिरीवर तोवर मोट होती. चामड्याची मोठी मोट विहिरीत सोडायची, बैलांनी उतारावरून खाली चालत जाऊन ती वर ओढायची, पाणी भसकन विहिरीशेजारच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात पडायचं, आणि मग बैलांनी तोच उतार पाठमोरं चढून पुन्हा विहिरीशी यायचं. हे मागे मागे चढणं बैलांना फार जड जातं. आमच्या पांढऱ्या बैलाचा मागचा गुडघा धरला होता. पुढे तो दिवसभर चालला असता, पण मागे एक पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी आणायचा. आबांचा त्याच्यावर जीव. त्याला बाजार दाखवायचा नाही, हे घरात ठरलेलं होतं.

तेवढ्यात हे धुळ्याला शेतीचं प्रदर्शन बघून आले. तिथे त्यांनी लोखंडी रहाट बघितला. बैल गोल फिरतात, मागे जावंच लागत नाही, आणि डब्यांची माळ विहिरीतून पाणी वर आणत राहते. आठ दिवस हे दुसरं काही बोललेच नाहीत. शेवटी आबा म्हणाले, "आना मंग. धवळा बैल गोल फिरी."

रहाट बसवून द्यायला एक माणूस येणार होता. त्याच्याऐवजी तो तापाने पडल्याचा निरोप आला.

"काही हरकत नाही," हे म्हणाले. "मी पाहिलाय. सगळा डोळ्यांसमोर आहे माझ्या."

मग सुतळ्या कापल्या, गोणपाट उलगडलं, आणि तो ढीग बघून यांचा चेहरा पडला. एक भलंमोठं दातेरी चाक. एक त्याहून लहान. लांबलचक लोखंडी दांडा. गाडीच्या चाकाएवढ्या दोन कड्या. साखळीचे तुकडे, डब्यांची रास, आणि टोपलीभर बारीकसारीक खिळे-चकत्या. आबा ढिगाभोवती एक चक्कर मारून आले.

"हाऊ लोखंडना ढीग पानी काढी?"

मला मात्र असा आनंद झाला होता की काय सांगू! माहेरी कपाशीच्या मोसमात जिनिंगचा भोंगा ऐकायची, आत काय चालतं ते कधी दिसलं नव्हतं. आता चाकं माझ्या अंगणात होती. मी आणि अक्का मिळून ते लहान चाक उचललं, मोठं जमिनीवर आडवं पडलं होतं त्याच्या कडेला उभं धरलं. दातांत दात बसले. अक्काला म्हटलं, "धरून ठेवा," आणि मोठं चाक दोन्ही हातांनी ढकललं.

आडवं फिरलं, तसं उभंही फिरलं!

"अय माय!" अक्का ओरडली. "हाई झोपेल चाक उभा चाकले फिराई ऱ्हायनं!"

हे धावत आले. त्यांच्या डोळ्यांसमोरचं हरवलेलं चित्र त्या एका क्षणात परत आलं. कोळशाचा तुकडा घेऊन त्यांनी ओट्यावर भराभर रेघा काढल्या. बैल आडवी लाट, म्हणजे लांब लाकूड, ओढणार, लाटेने मोठं चाक फिरणार, ते उभ्या चाकाला फिरवणार, त्यातून निघालेला दांडा बैलांच्या वाटेखालून विहिरीपर्यंत जाणार, आणि दांड्याच्या टोकाला त्या दोन कड्यांचा पिंजरा. पिंजऱ्यावर डब्यांची माळ. बैल गोल फिरतो जमिनीवर, आणि पाणी उभं चढतं विहिरीतून. मधे ती दोन चाकं बसून एका फिरण्याचं दुसरं फिरणं करून देतात. मी ती रेघोटी इतकी पाहिली की डोळे मिटले तरी दिसायची.

गावच्या सुताराने विहिरीवर दोन बळकट तुळया टाकून दिल्या. वाटेखाली चर खणून दांडा दगडांत गाडला. डब्यांची माळ जोडायला मी आणि अक्का बसलो होतो. आबा एकेक डबा उचलून आमच्या हातात देत होते, आणि मधेच थांबले. डबा उन्हाकडे धरून त्यांनी त्यातून पाहिलं.

"याना बुडले भोक शे."

दुसरा उचलला. त्यालाही. तिसऱ्यालाही.

"बठ्ठास्ले भोकं शेतस! फुटका माल दिधा आपले!"

मी डबे हातात घेऊन पाहिले. भोक तांदळाच्या दाण्याएवढं, प्रत्येक डब्याला एकाच जागी, आणि कड अगदी साफ. गंजून पडलेलं भोक असं नसतं. मी अक्काच्या कानाला लागले.

"आबा, वयनी म्हनस, हाई मुद्दाम पाडेल दिसस."

"मुद्दाम? पानी काढाना डबाले मुद्दाम भोकं कोन पाडी?"

प्रदर्शनातल्या रहाटाचे डबे ठिबकत होते एवढं यांना आठवत होतं, पण ते जुने असतील असं वाटलं होतं. मग आबांनी राळ आणि मेण वितळवलं आणि स्वतः बसून एकेक भोक बुजवलं. एवढं मन लावून काम करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सगळं जोडून झाल्यावर टोपलीत एक तुकडा उरला. तळहाताएवढा, बाकदार, एका टोकाला छिद्र. कुठेच बसेना. दांड्यावर एक लहानसं चाकही होतं, ज्याचे दात करवतीसारखे तिरके. तेही कुणाशी जुळत नव्हतं. हे म्हणाले, "ते शोभेचं असेल. आणि हा तुकडा चुकून आलाय." तुकडा परत टोपलीत गेला.

रहाट चालू करायच्या दिवशी मळ्यात निम्मं गाव. शेजारच्या मळ्याचे नाना तर सकाळीच बांधावर येऊन बसले होते. आबांचे ते जुने सोबती, आणि आबांची फजिती बघण्यात त्यांना विशेष गोडी. अक्काने चाकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि यांनी बैलांना हाक दिली.

बैल चालले. मोठं चाक कुरकुरलं, दांडा वाटेखाली फिरला, विहिरीवरचा पिंजरा वळला, आणि खालून पहिला भरलेला डबा डुलत डुलत वर येऊ लागला! मी विहिरीच्या काठाशी वाकून पाहत होते. एक, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. आता पहिला डबा माथ्यावर जाणार, कलणार...

आणि बैल थांबले. मोटेचा उतार जिथे संपायचा तेवढं अंतर ते चालले होते. आता त्यांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने मान वर केली आणि मागे चालायला लागले. पांढरासुद्धा, त्याच दुखऱ्या गुडघ्याने! सगळा रहाट उलटा फिरला. भरलेले डबे विहिरीत परत गेले आणि दुसऱ्या बाजूने रिकामे डबे उपडे होऊन वर आले. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

"भाऊ!" नाना बांधावरून ओरडले. "पानी वर येस का खाले जास?"

हे बैलांना पुढे ओढत होते, आबा मागून हाकत होते. बैल चार पावलं पुढे, चार पावलं मागे. आणि मी त्या तिरक्या दातांच्या चाकाकडे बघत होते. रहाट सरळ फिरला की त्या दातांची उतरती बाजू पुढे येई, उलटा फिरला की उभी बाजू. उतरतीवरून काहीही घसरून जाईल, उभीला अडेल! मी धावत जाऊन टोपली उपडी केली आणि तो बाकदार तुकडा अक्काच्या हातात कोंबला.

"दाराच्या अडसरासारखा आहे हा! पुढे जाऊ देईल, मागे येऊ देणार नाही!"

अक्काने ते साऱ्या मळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं. यांनी तुकडा हातात घेतला, चाकाजवळच्या तुळईला एक रिकामं छिद्र होतं त्यात खिळा घालून तो अडकवला. बसला! रहाट पुढे ढकलला तर "खट, खट, खट" करत तुकडा दातांवरून उड्या मारत गेला. मागे ढकलला तर जागच्या जागी घट्ट. हे मोठ्याने हसले, चार माणसांत, माझ्याकडे बघून. तो खटका आमच्या घरात तेव्हापासून "तुझा खटका" झाला.

पण बैलांना कोण सांगणार? पुन्हा चालले, थांबले, मागे रेटू लागले. रहाट हलेना. बिचारे गोंधळून उभे राहिले. तेव्हा अक्काला तेल्याच्या घाण्याचा बैल आठवला. तिने जुन्या लुगड्याची दोन फडकी फाडली, बैलांचे डोळे बांधले, आणि पांढऱ्याच्या कानाशी पुटपुटत स्वतः त्याच्याबरोबर चालू लागली. उतार दिसेना, विहीर दिसेना, म्हणून मागे वळायची आठवणही होईना. बैल चालत राहिले. खट, खट, खट. पहिला डबा माथ्यावर गेला, कलला, आणि पन्हळीत पाणी पडलं. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, मग मोजायला वेळच नाही, पाण्याची धार अखंड! मी पन्हळीत दोन्ही हात बुडवले. अक्का चालता चालता रडत होती. आबांनी पागोटं काढलं आणि ओंजळभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून खोऱ्याने वाफ्यांना पाणी द्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी मळ्याच्या पार टोकाला मिरचीच्या वाफ्याशी खोरं घेऊन उभी. रहाटाचा आवाज ऐकू येतोय आणि पाणी येत नाही. ऊन चढलं. पाटाच्या कडेने उलट चालत गेले तर पाणी अर्ध्या वाटेवर दमून बसलेलं. काळी भेगाळ माती ते पीत होती. धार बारीक, पाट लांब. जेवढं येत होतं तेवढं वाटेतच मुरत होतं.

नानांनी बांधावरून विचारलंच. "बैल तं फिरी ऱ्हायनात. पानी कोठे शे रे भाऊ?"

आबा चिडून रहाटालाच बोल लावायला लागले. पण सकाळपासून पन्हळीतून पडलेलं पाणी काही कमी नव्हतं. मला मोट आठवली. मोटेचं पाणी एकदम यायचं, लोंढ्यासारखं. माती पिऊन पिऊन किती पिणार, त्याच्या आत ते पुढे निघून जायचं. आमचा पाट त्या लोंढ्याच्या मापाने खणलेला होता. रहाट बदलला आणि पाट तोच राहिला! हे कळलं तेव्हा मी खोरं टाकून पळत सुटले. रहाट म्हणजे नुसता तो लोखंडी सांगाडा नव्हे. बैल त्यात आला, पाट आला, माती आली, आणि पाटाच्या टोकाला उभी असलेली मीसुद्धा आले. एकाला हात लावला की बाकीच्यांना हलावंच लागतं.

यांना सगळं सांगितलं. ते विहिरीकडे बघून म्हणाले, "मग लोंढा आपणच करायचा." मोटेचं थारोळं विहिरीशी तसंच होतं. त्याचा काठ दगड-चिखलाने कमरेएवढा उंच केला, तोंडाशी फळी बसवली. रहाट चालू असताना थारोळं भरत राहायचं, आणि काठोकाठ भरलं की फळी काढायची. पहिल्यांदा फळी काढली तेव्हा मी टोकाला उभी होते. पाणी वाळकी पानं पुढे ढकलत, फेसाळत आलं, माझ्या पावलांवरून गेलं आणि मिरचीच्या शेवटच्या वाफ्यात शिरलं. मी तिथूनच आरोळी ठोकली. सुनेने आरोळी ठोकायची नसते, पण ठोकली.

थंडी सरली, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि डब्यांची माळ अपुरी पडू लागली. चार डबे वाढवायचे म्हणून एका दुपारी बैल सोडले. आबा विसावा म्हणून लाटेवर बसले. बैल हाकणाऱ्याला बसायला तिच्यावर फळी होती. माळ थोडी मागे घ्यायची होती, म्हणून यांनी खटका उचलला.

आबांनी बुजवलेले डबे काठोकाठ भरून विहिरीत लटकत होते, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. खटका सुटताच ते सगळे ओझ्याने खाली धावले. पिंजरा उलटा गरगरला, दांडा फिरला, मोठं चाक फिरलं, आणि आबांना घेऊन लाट उलटी सुटली! हे जोरात मागे कोसळले. आबा फळीवरून उठू पाहत होते. उठले असते तर लाटेने त्यांना आडवं केलं असतं.

"आबा! उठू नका! घट्ट धरा, बसून राहा!"

माझाच आवाज होता. आबांनी फळी कवटाळली. लाट एक फेरा फिरली, दुसरा फिरली, मग डबे पाण्यात बुडाले आणि वेग ओसरला. शेवटच्या हिसक्याने आबा कडब्याच्या गंजीत जाऊन पडले. पागोटं थारोळ्यात तरंगत होतं.

आम्ही तिघं धावलो. आबा कडब्यात तसेच बसून होते, डोळे मोठे केलेले.

"लागनं का आबा?" अक्का त्यांचे हातपाय चाचपत होती.

"पडनू, पन मोडनू नही," आबा म्हणाले. आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. ठसका थांबल्यावर विहिरीकडे बोट करून म्हणाले, "ते भोक कसाले शे, ते आते समजनं माले. बैल थांबना की डबास्नी रिकामं व्हवाले पाहिजे! नहीतं बठ्ठं वजन त्या एकला खटकावर."

तसंच होतं ते. चालताना एवढ्याशा भोकातून जाऊन जाऊन किती पाणी जाणार? पण रहाट थांबला की ठिबकत ठिबकत डबे हलके होत. एकट्या डब्याकडे बघितलं तर ते भोक म्हणजे खोट, आणि खटक्याच्या शेजारी ठेवून बघितलं तर गरज. आबांनी त्याच संध्याकाळी दाभण घेऊन एकेक भोक मोकळं केलं. मी डबे हातात देत होते. त्यांनी मान वर न करता, पण माझ्याशीच, म्हटलं, "आते मधमा अक्का कसाले? काही दिसनं तं तूच सांगत जाय माले."

मी "हो आबा" म्हटलं. आणि पुढचा डबा पुढे केला.

त्या उन्हाळ्यात पांढरा बैल रोज अर्धा दिवस रहाटाला चालला. दूर टोकाच्या वाफ्यांत मी यावलहून आणलेले केळीचे खुंट लावले, आणि ते लागले. दोन वर्षांनी नानांनीही रहाट आणला. जोडायला आम्हालाच बोलावणं. मला सातवा महिना होता. अक्काने मला नानांच्या आंब्याखाली बाजेवर बसवलं आणि तिथूनच बोलायला सांगितलं. नानांची विहीर आमच्यापेक्षा पुष्कळ खोल. माळ लांब, डबे जास्त, ओझं जास्त. आमच्या विहिरीवर पांढरा एकटाही ओढायचा, तिथे जोडी लागली, तीही सावकाश. नाना कुरकुरले, "यासना रहाट चालस ना मन्हा कसा जड?"

"नाना, रहाट तोच आहे," मी बाजेवरून म्हटलं. "विहीर तुमची आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा पन्हळीखाली तोंड धुत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही, फक्त म्हणाले, "तिलेच इचार."

मग नाना खरोखरच बाजेजवळ येऊन उकिडवे बसले आणि विचारायला लागले, थारोळं कुठे करू, फळी किती उंच ठेवू, पाट कुठून वळवू. मी काठीने मातीत रेघा काढत सुटले.